लंडनला पहिल्यांदा जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे किंवा मुलीकडे येणारे आई-वडील, कामानिमित्त आठवडाभर येणारी मंडळी आणि वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकून सहलीला निघालेली जोडपी अशा अनेकांनी मला आजवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी या शहरात बरीच वर्षे राहत आहे, आणि नातेवाइकांना घ्यायला विमानतळावर जाणे व पहिल्या दिवशी त्यांना भुयारी रेल्वेची सवय करून देणे हे माझे दर उन्हाळ्यातले ठरलेले काम आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी कुठेही मिळते. ज्या बारीकसारीक गोष्टी आधी माहीत नसल्यामुळे पहिल्या दोन दिवसांचा विचका होतो, त्यांच्यावर मी येथे अधिक भर दिला आहे.

प्रश्न : व्हिसासाठी अर्ज केव्हा करावा? युरोपचा शेंगेन व्हिसा असेल तर तो चालतो का?

शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही आणि ब्रिटनचा व्हिसा पॅरिसमध्ये चालत नाही. लंडनहून रेल्वेने पॅरिसला जेमतेम अडीच तासांत पोहोचता येते, म्हणून अनेक जण दोन दिवस तिकडेही जाऊन येण्याचे ठरवतात. तसा विचार असेल तर दोन्ही व्हिसा भारतातूनच काढून ठेवावेत. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. अर्ज ऑनलाइन भरल्यावर बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी केंद्रावर जावे लागते आणि त्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मे महिन्यात जायचे असेल तर मार्चपूर्वीच कागदपत्रांच्या मागे लागावे. बँकेतील शिल्लक अर्जाच्या तोंडावर एकाएकी वाढलेली दिसली, तर तो पैसा कोठून आला याचा खुलासा सोबत जोडणे शहाणपणाचे ठरते.

प्रश्न : कोणता महिना चांगला?

मे, जून आणि सप्टेंबर. जूनच्या उत्तरार्धात सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे एका दिवसात दोन दिवसांचे फिरणे होते. याउलट डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. पावसाची भीती मात्र आपल्याकडच्या लोकांनी बाळगू नये. लंडनमध्ये वर्षभरात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मुंबईत एकट्या जुलैमध्ये त्याहून अधिक कोसळतो. येथला पाऊस झिमझिम येतो, थांबतो, परत येतो. छत्रीपेक्षा टोपी असलेले हलके जाकीट उपयोगी पडते, कारण पुलांवर आणि नदीकाठी वारा छत्री उलटी करतो. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते : २५ डिसेंबरला शहरातील भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही पूर्ण बंद असतात. त्या दिवशी विमान असेल तर टॅक्सीची सोय आधी करून ठेवावी लागते.

प्रश्न : सामानात काय घ्यावे आणि काय घेऊ नये?

पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड, खवा हे सारे घरी ठेवून यावे. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीसुद्धा आणता येत नाहीत. नातवंडांसाठी जपून आणलेला डबा विमानतळावर काढून घेतला जातो, तेव्हा आजीचा चेहरा पाहवत नाही. ताजी फळे आणि भाज्या यांनाही शेतीखात्याच्या प्रमाणपत्राची अट असल्याने हापूसची पेटी सोबत आणण्याच्या भरीस पडू नये. चिवडा, चकल्या, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांची अडचण येत नाही. फक्त लाडू-शंकरपाळे तुपातले आहेत की तेलातले, एवढे पाहावे.

विजेचा दाब भारताप्रमाणेच २३० व्होल्ट आहे, पण येथील प्लगच्या तिन्ही पिना चौकोनी असतात, त्यामुळे साधा अडॅप्टर लागतो. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या सामानात ठेवावीत.

घरातील कोणी मागच्या सहलीतून उरलेले पौंड मोठ्या प्रेमाने हातावर ठेवतात. ते नीट पाहून घ्यावेत. कागदी नोटा आता एकही चालत नाही. वीस आणि पन्नास पौंडांच्या शेवटच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या आणि आता फक्त प्लास्टिकसारख्या गुळगुळीत नोटा दुकानात घेतल्या जातात. पूर्ण गोल असलेले एक पौंडाचे जुने नाणेही २०१७ मध्ये बंद झाले. नवे नाणे बारा बाजूंचे आहे. जुन्या नोटा वाया मात्र जात नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, फक्त त्यासाठी थोडा खटाटोप करावा लागतो.

प्रश्न : विमानतळावर अधिकारी काय विचारतात?

किती दिवस राहणार, कोठे राहणार, कशासाठी आलात आणि परतीचे तिकीट आहे का, एवढेच बहुधा विचारतात. राहण्याचा पत्ता, यजमानाचा दूरध्वनी क्रमांक आणि परतीचे तिकीट कागदावर छापून जवळ ठेवावे, कारण नेमक्या त्या वेळी फोनला नेटवर्क मिळत नाही. इंग्रजीची सवय नसलेल्या ज्येष्ठांनी घाबरून जाऊ नये. सावकाश आणि मोजके बोललेले चालते.

प्रश्न : हीथ्रो विमानतळावरून शहरात कसे यावे?

तीन रेल्वे आहेत आणि त्यांची किंमत वेगाप्रमाणे चढत जाते. पिकॅडिली लाइनने मध्यभागी यायला जवळपास तासभर लागतो, पण ती सर्वांत स्वस्त आहे. मे २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासात पॅडिंग्टनला आणते; तिचे भाडे पिकॅडिलीच्या दुपटीहून अधिक आहे. हीथ्रो एक्स्प्रेस हेच अंतर पंधरा मिनिटांत कापते आणि ती सर्वांत महाग आहे. माझा सल्ला असा की दोन मोठ्या बॅगा आणि दहा तासांचा प्रवास अंगावर असेल तर एलिझाबेथ लाइन घ्यावी. तिच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट किंवा उताराची सोय आहे, तर पिकॅडिलीवरच्या जुन्या स्थानकांत बॅग उचलून जिने चढण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्न : तिकीट कसे काढायचे? पास घ्यावा का?

तिकीट काढावेच लागत नाही, आणि ही गोष्ट आपल्या लोकांच्या पचनी पडायला एक दिवस जातो. ज्या बँक कार्डावर वायफायसारखी चार कमानींची खूण असते ते कार्ड प्रवेशद्वाराजवळच्या पिवळ्या गोल यंत्राला टेकवले की दार उघडते. उतरल्यावर बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचे, म्हणजे भाडे आपोआप कापले जाते. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक मर्यादेपुढे पैसे कापले जात नाहीत, त्यामुळे दैनिक पास काढण्यात सहसा काही फायदा उरत नाही. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशातील आणि स्पर्शाने होणारे व्यवहार बहुधा बंद ठेवलेले असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावेत आणि परकीय व्यवहारावर बँक किती शुल्क लावते हेही पाहावे. ज्यांना बँकेचे कार्ड वापरायचे नसेल त्यांनी ऑयस्टर कार्ड घेऊन त्यात पैसे भरावेत. त्या कार्डाची स्वतःची किंमत परत मिळत नाही.

येथे दोन नियम कटाक्षाने पाळावे लागतात. पहिला, प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड हवे; नवऱ्याचे कार्ड टेकवून मागून बायकोला आत घेता येत नाही. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे : आत जाताना जे टेकवले तेच बाहेर पडताना टेकवायचे. माझी आत्या पहिल्याच दिवशी आत शिरताना फोन टेकवून गेली आणि बाहेर पडताना तिने पर्समधले कार्ड काढले. कार्ड तेच, खाते तेच, म्हणून तिला त्यात काही वावगे वाटले नाही. यंत्रणेच्या दृष्टीने मात्र फोन आणि कार्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक आत गेली आणि बाहेर आली नाही, दुसरी आत न जाताच बाहेर पडली. परिणामी दोन अपुऱ्या प्रवासांचे कमाल भाडे तिच्या खात्यातून गेले. असे झाल्यास ऑनलाइन अर्ज करून पैसे परत मागता येतात, पण सहलीतला एक तास त्यात जातो.

बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचे, उतरताना टेकवायचे नाही. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. अकरा वर्षांखालील मुले बसमध्ये, तसेच मोठ्यांसोबत भुयारी रेल्वेत फुकट प्रवास करतात.

प्रश्न : भुयारी रेल्वे बरी की बस?

दूर जायचे तर रेल्वे, शहर पाहायचे तर बस. लंडनची भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावू लागली. जगातील ही पहिलीच भुयारी रेल्वे असल्याने तिच्याबद्दल आदर वाटणे साहजिक आहे, पण जमिनीखालून जाताना शहर दिसत नाही आणि एका ठिकाणाचा दुसऱ्याशी संबंध कळत नाही. २०२५ मध्ये बसचे भाडे १ पौंड ७५ पेन्स होते, अंतर कितीही असो. शिवाय पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे पैसे पडत नाहीत. पंधरा क्रमांकाची बस ट्राफल्गर स्क्वेअरजवळून निघून स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल कॅथीड्रल या मार्गाने टॉवर ऑफ लंडनला नेते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली तर पर्यटकांच्या महागड्या बसची आठवणही येत नाही.

रेल्वेचा नकाशा पाहून अंतराचा अंदाज बांधू नये. तो समजायला सोपा व्हावा म्हणून काढलेला आहे, अंतरांच्या प्रमाणात काढलेला नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्थानके चारशे पावलांच्या अंतरावर आहेत. तेवढ्यासाठी खाली उतरून गाडीची वाट पाहण्यात चालण्याहून अधिक वेळ जातो. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग पाहून जिन्याकडे वळणाऱ्यांनी आधी जाणून घ्यावे की त्या जिन्याला १९३ पायऱ्या आहेत.

सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहायचे आणि डावी बाजू चालत जाणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची. हा नियम येथे फार मनापासून पाळला जातो, आणि गप्पा मारत शेजारी-शेजारी उभ्या राहणाऱ्यांमुळे मागे लगेच खोळंबा होतो.

प्रश्न : स्थानकांची नावे विचारली तर लोकांना कळत नाहीत. का?

कारण लिहितात एक आणि म्हणतात दुसरे. सोय अशी की देवनागरीत खरा उच्चार नेमका टिपता येतो, म्हणून वहीत असेच लिहून ठेवावे : लेस्टर स्क्वेअर (Leicester Square), ग्लॉस्टर रोड (Gloucester Road), ग्रेनिच (Greenwich), सदर्क (Southwark), होबन (Holborn). ही नावे इंग्रजी अक्षरांप्रमाणे वाचली तर समोरचा माणूस गोंधळतो.

प्रश्न : राहण्यासाठी कोणता भाग निवडावा?

भागाच्या नावाला भुलू नये. स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटे आणि शक्य तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या झोनमध्ये (शहराच्या मध्यापासून बाहेर आखलेल्या भाड्याच्या विभागांना झोन म्हणतात), हा माझा निकष आहे. जुन्या इमारतींतील हॉटेलांत खोल्या लहान असतात आणि पुष्कळदा लिफ्ट नसते, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न : यूपीआय चालते का? रोख किती ठेवावी?

यूपीआयवर विसंबून राहू नये. जवळजवळ सगळीकडे कार्ड चालते आणि काही दुकाने रोख घेतच नाहीत. वीस-तीस पौंड जवळ असले तरी पुष्कळ झाले. उपाहारगृहाच्या बिलात साडेबारा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क बहुधा आधीच धरलेले असते, त्यावर वेगळी टिप ठेवण्याची गरज नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचे हाल होतील का?

मुळीच नाही, परंतु वेष्टनावरचे वाचायची सवय लावून घ्यावी लागते. 'व्हेजिटेरियन' असे छापलेल्या पदार्थात अंडे असू शकते, कारण येथे शाकाहाराच्या कल्पनेत अंडे बसते. अंडे वर्ज्य असेल तर 'व्हीगन' हा शब्द शोधावा. त्यात अंडे, दूध, मध यांपैकी काहीच नसते. दुपारसाठी सुपरमार्केटात सँडविच, एखादा खाऊ आणि पेय मिळून ठरलेल्या किमतीत जोड मिळते, ती स्वस्त पडते. घरच्यासारख्या जेवणाची आठवण झाली तर वेम्बलीचा ईलिंग रोड आणि साउथॉल येथे भारतीय वाणसामानापासून चाटपर्यंत सारे काही मिळते, हाउन्स्लोमध्ये वडापावही मिळतो, आणि यूस्टन स्थानकाजवळचा ड्रमंड स्ट्रीट भारतीय उपाहारगृहांसाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. उपाहारगृहात 'टॅप वॉटर' असे स्पष्ट म्हणावे, नाहीतर बाटलीचे पाणी येते आणि त्याचे पैसे लागतात.

प्रश्न : स्वच्छतागृहांची सोय कशी आहे?

हा प्रश्न लोक संकोचाने, शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. खरे तर तो मोकळेपणाने आणि आधी विचारावा. रस्त्यावर सार्वजनिक स्वच्छतागृहे कमी आहेत, म्हणून म्युझियम, मोठी दुकाने आणि मुख्य रेल्वेस्थानके यांचा उपयोग करावा. पाण्याचा फवारा किंवा टमरेल सहसा कोठेही नसते, हॉटेलातसुद्धा नसते. एक लहान रिकामी बाटली पिशवीत ठेवली की अडचण मिटते.

प्रश्न : म्युझियमची तिकिटे आधी काढावीत का?

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न या सर्वांच्या कायमच्या दालनांना प्रवेश विनामूल्य आहे. या शहराचे मला वाटणारे सर्वांत मोठे औदार्य ते हेच. पैसे दिलेले नसल्यामुळे 'वसूल' करण्याची घाई राहत नाही. तासभर पाहावे, बाहेर येऊन बागेत बसावे आणि मन झाले तर परत जावे. ब्रिटिश म्युझियममध्ये जाणाऱ्यांनी आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे चुकवू नयेत. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये राजमातेच्या मुकुटात आहे आणि तेथे तिकीट लागते.

वाघनखे पाहण्यासाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाऊ असे अनेक जण म्हणतात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली आणि प्रथम साताऱ्यात ठेवण्यात आली, हे लक्षात घेऊन बेत आखावा.

प्रश्न : मराठी माणसाने आवर्जून पाहावे असे काय आहे?

माझ्यापुरते उत्तर एकच आहे : दहा, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता ते स्मारक म्हणून लोकांसाठी खुले आहे. चॉक फार्म स्थानकातून बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की काही मिनिटांतच हा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना एकसारखी उंच घरे आहेत, रहदारी तुरळक आहे, आणि पाटी दिसेपर्यंत आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असे वाटतच नाही. शहराच्या मध्यापासून हे घर किती दूर आहे, याचा अंदाज चालत आल्याशिवाय येत नाही. ज्यांची आर्थिक ओढाताण आणि पहाटेपासूनचा अभ्यास आपण शाळेपासून वाचत आलो, ते बाबासाहेब याच रस्त्याने जात-येत असतील, हे तेथे उभे राहिल्यावर वेगळ्या रीतीने उमगते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी येथे नेते. स्मारक उघडे असण्याचे दिवस आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात. नंतर जवळच्या प्रिमरोज हिल टेकडीवर चढावे; तेथून साऱ्या लंडनचा देखावा फुकट दिसतो.

हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे श्यामजी कृष्ण वर्मांचे इंडिया हाउस, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचे वसतिगृह. विनायक दामोदर सावरकर तेथे राहत होते आणि त्यांच्या नावाची निळी पाटी भिंतीवर आहे. आता ते खाजगी निवासस्थान असल्याने रस्त्यावरूनच पाहावे, घंटी वाजवू नये. भाद्रपदात येणार असाल तर १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनच्या गणेशोत्सवाची चौकशी जरूर करावी.

प्रश्न : सोबत सत्तरीच्या पुढचे आई-वडील आहेत. त्यांना झेपेल का?

झेपते, मात्र रेल्वेपेक्षा बसवर भर द्यावा. भुयारी रेल्वेच्या साधारण एकतृतीयांश स्थानकांतच जिन्याविना फलाटापर्यंत जाता येते; नकाशावर चाकाच्या खुर्चीची खूण असलेली स्थानके निवडावीत. बस मात्र सर्व सखल पायरीच्या असतात. सकाळी साडेनऊनंतर निघावे, म्हणजे गर्दी ओसरते आणि रेल्वेचे भाडेही कमी लागते.

प्रश्न : शहर सुरक्षित आहे का?

अंगावर दागिने घालून न फिरण्याची काळजी आपण घेतोच. येथे खरा धोका हातातल्या फोनला आहे. पदपथाच्या कडेला उभे राहून नकाशा पाहणाऱ्याच्या हातातून सायकलवरून येणारे चोर फोन हिसकावून क्षणात नाहीसे होतात. रस्ता पाहायचा असेल तर भिंतीकडे सरकावे किंवा दुकानात शिरावे. चौकाचौकांत उभे केलेले पायी चालणाऱ्यांसाठीचे नकाशे उत्तम आहेत आणि पाच मिनिटांत कोठवर चालत जाता येईल हे त्यांवर वर्तुळ काढून दाखवलेले असते. तातडीच्या मदतीसाठी ९९९ क्रमांक आहे.

प्रश्न : आजारी पडलो तर?

प्रवासविमा असल्याशिवाय येऊच नये. अपघात विभागातील तातडीचा उपचार सर्वांना विनामूल्य मिळतो, पण रुग्णालयात दाखल करावे लागले तर पर्यटकाला बिल येते आणि ते कंबरडे मोडणारे असते. जिवावरचे दुखणे नसेल तर १११ वर फोन करावा किंवा औषधाच्या दुकानातील फार्मसिस्टचा सल्ला घ्यावा. तो विनामूल्य आणि जाणकारीने मिळतो.

प्रश्न : खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळतो ना?

आता नाही. १ जानेवारी २०२१ पासून ही सवलत बंद झाली आहे. मोठी दुकाने रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, तेव्हा खरेदीसाठी दुसरा वार ठेवावा.

प्रश्न : किती दिवस लागतात?

सहा दिवस हाताशी असावेत आणि एका दिवसाला एकच भाग घ्यावा. सकाळी टॉवर, दुपारी ग्रेनिच, संध्याकाळी राजवाडा असा बेत आखणाऱ्यांचा निम्मा दिवस भुयारातच जातो. पहिला दिवस झोपेचे गणित बसवण्यात जाईल असे धरून चालावे, कारण उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. एक संध्याकाळ मात्र पूर्णपणे थेम्सच्या दक्षिण काठासाठी राखून ठेवावी. वेस्टमिन्स्टर पूल ओलांडून डावीकडे वळावे आणि नदीचा काठ न सोडता नॅशनल थिएटर, टेट मॉडर्न, बरो मार्केट असे करत टॉवर ब्रिजपर्यंत चालत जावे. अंतर साधारण चार किलोमीटर आहे, वाटेत बसायला बाके आहेत, आणि जूनमध्ये संध्याकाळी सहाला निघाले तरी टॉवर ब्रिज उजेडात पाहायला मिळतो.